मायक्रोस्केल बायोसेपरेशन्समध्ये पीएचडी आणि प्राध्यापकी: केमिकल इंजिनिअरने या वाटेला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीच्या वालचंदमधून केमिकल केलं, आता मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) एम.टेक.चं शेवटचं वर्ष चालू आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून पीएचडीसाठी बोलावणं आलंय, आणि विषय आहे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या चिपवर जिवंत पेशी आणि जंतू वेगळे करणं. घरचे आणि काही सर म्हणतात की हे काही खरं केमिकल इंजिनिअरिंग नव्हे. ना रिअॅक्टर, ना कॉलम. त्यापेक्षा पुण्याच्या एखाद्या बायोफार्मा कंपनीत डाउनस्ट्रीमला, म्हणजे औषध शुद्ध करण्याच्या कामाला, लागावं. तर या विषयावर सगळं करिअर उभं करता येतं का, आणि प्राध्यापक म्हणून ते कसं असतं?

मी यूडीसीटीतून, म्हणजे आजच्या आयसीटीतूनच, बाहेर पडले. आता बरीच वर्षं अमेरिकेत केमिकल इंजिनिअरिंग विभागात शिकवते आणि लॅबही याच विषयाची चालवते. म्हणून जरा लांबण लावते.

आधी त्या 'खरं केमिकल इंजिनिअरिंग'बद्दल, कारण तो आक्षेप मला अजिबात मान्य नाही. मॅककेब-थीलच्या आकृतीवर पायऱ्या काढून डिस्टिलेशन कॉलमच्या प्लेट्स तू मोजल्याच असशील. मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्ये पार्टिशन क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक दोन द्रवांत कमी-जास्त विरघळतात त्यावरून ते वेगळे करायची पद्धत) मांडली तेव्हा 'थिअरेटिकल प्लेट' ही कल्पना त्यांनी थेट डिस्टिलेशनमधून उचलली. त्या कामाला १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. क्रोमॅटोग्राफीवाले ज्यांचं समीकरण उठता-बसता वापरतात ते व्हॅन डीम्टर शेल कंपनीत होते, आणि त्यांचा १९५६ चा पेपर छापून आला तो 'केमिकल इंजिनिअरिंग सायन्स'मध्ये. नळीतून वाहताना रेणूंचा पट्टा कसा पसरत जातो याचं टेलर-आरिस गणित घे. त्यातल्या आरिस यांनी मिनेसोटाच्या केमिकल इंजिनिअरिंग विभागात जन्म काढला. चिपवर दोन पट्टे वेगळे झाले की नाही हे आम्ही आजही रिझोल्यूशन आणि प्लेट्सच्या भाषेतच सांगतो. तेव्हा हा विषय परका नाही, आपल्याच घरातला आहे. फक्त कॉलमची उंची मीटरवरून सेंटिमीटरवर आली आणि व्यास केसाच्या जाडीइतका झाला.

आकार लहान केला की नेमकं काय बदलतं, हे एकदा हाताने गणित करून बघ. साधारण प्रोटीनचा पाण्यातला डिफ्युजन कोएफिशंट १०^-१० चौरस मीटर प्रति सेकंदाच्या आसपास धर. त्याला नुसत्या डिफ्युजनने १ सेंटिमीटर जायला पाच-सहा दिवस लागतात, आणि ५० मायक्रॉन जायला दहा-बारा सेकंद. १०० मायक्रॉनच्या चॅनेलमध्ये पाणी सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने वाहत असेल तर रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे प्रवाहाचा जोर आणि द्रवाचा चिकटपणा यांचं गुणोत्तर, ०.१ येतो. म्हणजे टर्ब्युलन्सचा प्रश्नच मिटला, प्रवाहाच्या रेषा कागदावर आखल्यासारख्या राहतात. भिंत आणि द्रव यांच्यामधला विद्युतभाराचा थर मोठ्या पाइपमध्ये आपण विचारातही घेत नाही. इथे त्याच्याच जोरावर, कुठलाही पंप न लावता, सगळा द्रव सरकवता येतो. हेच इलेक्ट्रोऑस्मॉसिस. ट्रान्सपोर्ट फिनॉमेनाच्या पुस्तकातल्या ज्या टर्म्स आपण नगण्य म्हणून खोडतो, त्या इथे राज्य करतात. केमिकल इंजिनिअरला याहून चांगलं खेळायचं मैदान मला तरी माहीत नाही.

आता या क्षेत्राची एक खरी गोष्ट सांगते. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

असमान विद्युतक्षेत्रात ठेवलेला कण भार नसतानाही ओढला किंवा ढकलला जातो. या परिणामाला 'डायइलेक्ट्रोफोरेसिस' हे नाव हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये दिलं. १९६६ मध्ये पोल आणि हॉक यांनी याच बळाने जिवंत आणि मेलेल्या यीस्ट पेशी वेगळ्या करून दाखवल्या. कणाच्या त्रिज्येच्या घनाच्या पटीत हे बळ बदलतं. म्हणजे १० मायक्रॉनच्या पेशीवर जेवढं बळ लागतं, त्याच्या हजारावा हिस्सा १ मायक्रॉनच्या जंतूवर लागतो. एवढ्याशा जंतूला धरायचं तर क्षेत्र फार झपाट्याने बदलायला हवं, म्हणून सुरुवातीला सूक्ष्म धातूचे इलेक्ट्रोड चॅनेलमध्येच बसवायची पद्धत आली. पण इलेक्ट्रोड पाण्यात असले की बुडबुडे येतात, पेशी त्यांना चिकटतात, आणि चिपही महाग पडते. यावर तोड निघाली ती अशी: इलेक्ट्रोड चॅनेलच्या दोन टोकांना ठेवायचे आणि मध्ये विद्युत न वाहणारे खांब उभे करायचे. दोन खांबांमधल्या चिंचोळ्या जागेत क्षेत्ररेषा दाटतात, खांब ओलांडला की विरळ होतात. असमानता खांबांनीच तयार केली. निरोधक अडथळ्यांनी क्षेत्र दाबायची कल्पना जपानमध्ये मासुदा, वाशिझू आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये पेशी एकमेकींत मिसळवण्यासाठी वापरली होती. खांबांच्या रांगांचं गणित आणि प्रयोग कमिंग्ज आणि सिंग यांनी २००३ मध्ये मांडले, कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या सँडिया प्रयोगशाळेत.

त्याच गटात पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधक) म्हणून ब्लांका लापिझ्को-एन्सिनास होत्या. मूळच्या मेक्सिकोच्या, केमिकल इंजिनिअर, पीएचडी सिनसिनाटीची. २००४ मध्ये त्यांचे आणि सहकाऱ्यांचे दोन पेपर आले. एक 'अॅनालिटिकल केमिस्ट्री'त, जिवंत आणि मेलेले जंतू काचेच्या खांबांमध्ये धरून वेगळे करण्याबद्दल. दुसरा 'इलेक्ट्रोफोरेसिस'मध्ये, पाण्यातल्या वेगवेगळ्या जिवंत जंतूंबद्दल. त्यातला जिवंत-मृत ई. कोलायचा फोटो या क्षेत्रातल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो: खांबांच्या रांगेत हिरव्या रंगाने चमकणाऱ्या जिवंत जंतूंचा एक पट्टा आणि लाल चमकणाऱ्या मृतांचा दुसरा, आणि चालवायला फक्त डीसी व्होल्टेज. पुढे त्यांनी मेक्सिकोत मॉन्टेरेला शिकवलं, आणि आता न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांची मायक्रोस्केल बायोसेपरेशन्सची लॅब आहे, तीही बायोमेडिकल इंजिनिअरिंग विभागात. केमिकल, बायोमेडिकल, अॅनालिटिकल केमिस्ट्री अशी विभागांची कुंपणं या विषयात फारशी टिकत नाहीत, हे तू आत्ताच लक्षात घे. नोकरीच्या जाहिराती बघताना उपयोगी पडेल.

पण गोष्टीचा खरा गाभा पुढे आहे. या खांबांच्या चिपमध्ये कण ज्या व्होल्टेजला अडकतो ते व्होल्टेज डायइलेक्ट्रोफोरेसिसच्या समीकरणांनी आधी काढायला गेलं, की प्रयोगाशी जमायचं नाही. गणित म्हणायचं, एवढ्याशा क्षेत्राने कण अडकणं शक्यच नाही. प्रयोगात तो अडकलेला डोळ्यांना दिसायचा. मग मॉडेलमध्ये डायइलेक्ट्रोफोरेसिसच्या बळाला एका 'करेक्शन फॅक्टर'ने गुणायची पद्धत पडली. हा आकडा एका लॅबमध्ये काही पटींचा, तर दुसरीकडे शेकडो पटींचा. बरीच वर्षं अनेक चांगल्या गटांनी तो वापरला. कारणंही दिली जायची: कण एकमेकांवर परिणाम करत असतील, खांबांचा आकार हुबेहूब नसेल, तापमान वाढत असेल. यातलं प्रत्येक कारण थोडंफार खरंही होतं.

शेवटी उलगडा झाला तो फार साध्या प्रयोगाने. खांबच काढून टाकले. सरळ, एकसारख्या रुंदीचा चॅनेल. तिथे क्षेत्र सगळीकडे सारखं, म्हणून डायइलेक्ट्रोफोरेसिस शून्य. कमी व्होल्टेजला कण इलेक्ट्रोऑस्मॉसिसच्या प्रवाहाबरोबर निमूट पुढे जातो. व्होल्टेज वाढवत नेलं की एका क्षेत्राला तो थबकतो, आणि त्याच्याही पुढे गेलं की उलटा फिरतो. डायइलेक्ट्रोफोरेसिस नसताना कणाला थांबवणारं काय असेल? उत्तर जुन्या कोलॉइड विज्ञानात होतं. जोरदार क्षेत्रात इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे भार असलेला कण क्षेत्राने ओढला जाण्याचा, वेग क्षेत्राच्या सरळ प्रमाणात राहत नाही, त्यात क्षेत्राच्या घनाच्या प्रमाणातली भर पडते. सोव्हिएत काळातल्या दुखिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अरेषीय इलेक्ट्रोफोरेसिसचा सिद्धांत कितीतरी आधी मांडला होता. मॉन्टेरे आणि रॉचेस्टरच्या गटांनी २०२० मध्ये हे सगळं जुळवून दाखवलं आणि ज्या क्षेत्राला कण थबकतो त्या अवस्थेला 'इलेक्ट्रोकायनेटिक इक्विलिब्रियम कंडिशन' म्हटलं. तो आकडा धरला की डीसी क्षेत्रात कण कुठे अडकेल हे करेक्शन फॅक्टर न लावता सांगता येऊ लागलं. ज्या बळाच्या नावाने हे तंत्र ओळखलं जात होतं, ते डीसी प्रयोगांत बऱ्याचदा दुय्यमच होतं.

आणि याने सेपरेशनचं हत्यारच बदललं. डायइलेक्ट्रोफोरेसिस मुख्यतः आकार आणि ध्रुवीकरण बघतं. अरेषीय इलेक्ट्रोफोरेसिस पृष्ठभागावरचा भारही बघतं. त्यामुळे आकाराने सारखे पण पृष्ठभागाने जरासे वेगळे कण वेगळे काढायची नवी वाट उघडली. दोन जंतू सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब दिसतात, पण पेशीभित्ती वेगळी असते. डॉक्टरला नेमका हाच फरक हवा असतो.

ही गोष्ट एवढी लांबवली, कारण या विषयात करिअर कशावर उभं राहतं ते तिच्यात दिसतं. चिपच्या सुंदर फोटोवर एक पेपर होतो. जो आकडा जुळत नाही त्याच्या मागे लागण्यावर वीस वर्षांचं काम उभं राहतं. आपल्या शिक्षणात एफिशिएन्सी, फाउलिंग फॅक्टर, सेफ्टी फॅक्टर सतत येतात आणि प्लांट चालवायला ते लागतातही. पण तो आकडा दोनशे झाला की तो भौतिकशास्त्रातलं काहीतरी झाकतोय असं समजायचं. तुझ्या पहिल्या वर्षात गाइड जे मॉडेल देतील त्यात असा आकडा कुठे आहे ते शोध. तुझा प्रबंध कदाचित तिथेच सापडेल.

आता रोजचं काम कसं असतं ते. एसयू-८ नावाच्या फोटोरेझिस्टने सिलिकॉन वेफरवर साचा करायचा, त्यावर पीडीएमएस हे सिलिकोन रबर ओतायचं, भट्टीत पिकवायचं, सोलून काढायचं, भोकं पाडायची आणि प्लाझ्मा लावून काचेवर चिकटवायचं. जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या हार्वर्डच्या गटाने १९९८ च्या सुमारास ही पद्धत सोपी केली आणि म्हणूनच साधारण बजेटच्या लॅबना या विषयात शिरता आलं. नमुनेदार चिप म्हणजे १ सेंटिमीटर लांब, ४० मायक्रॉन खोल चॅनेल, त्यात २०० मायक्रॉन व्यासाचे खांब. दोन्ही टोकांना छोट्या विहिरी, त्यांत प्लॅटिनमच्या तारा, आणि शंभरांपासून हजारभर व्होल्टपर्यंत डीसी.

नवीन विद्यार्थ्याला इथे सगळ्यात जास्त छळतं ते या दोन विहिरींमधल्या पाण्याच्या पातळीचं गणित. पातळीत फक्त १ मिलिमीटरचा फरक असू दे, म्हणजे १० पास्कल. ४० मायक्रॉन खोल, १ सेंटिमीटर लांब चॅनेलमध्ये तेवढ्याने सेकंदाला सव्वाशे मायक्रॉनचा प्रवाह सुरू होतो. इलेक्ट्रोऑस्मॉसिसचा वेगही बऱ्याचदा याच घरातला. आता कण पुढे सरकतोय तो क्षेत्रामुळे की उतारामुळे? व्होल्टेज बंद करून कण पूर्ण थांबलेले दिसल्याशिवाय मी कुणाला रीडिंग घेऊ देत नाही. मग तारांपाशी पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस होतं, एका विहिरीचा पीएच चढतो, दुसरीचा उतरतो, आणि भिंतीवरचा भार बदलतो. दुपारचं रीडिंग सकाळशी जुळत नाही ते याने. बफर, म्हणजे पीएच धरून ठेवणारं द्रावण, बदलत राहायचं. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांनी या वाटेला येऊ नये, असं मी स्पष्टच सांगते. ज्यांना अशा वेळी कागद काढून हागेन-पॉइझेलचं, म्हणजे दाबाने नळीतून किती प्रवाह जातो याचं, गणित करावंसं वाटतं, त्यांनी जरूर यावं.

दोन गोष्टींबद्दल या क्षेत्रात पुरेसं मोकळेपणाने बोललं जात नाही, आणि दोन्ही ठिकाणी केमिकल इंजिनिअरची गरज आहे.

पहिली गोष्ट थ्रूपुटची, म्हणजे ठरावीक वेळात किती नमुना चिपमधून जातो त्याची. १ मिलिमीटर रुंद, ४० मायक्रॉन खोल चॅनेल आणि सेकंदाला अर्धा मिलिमीटर वेग धरला, तर मिनिटाला १.२ मायक्रोलिटर द्रव जातो. रक्तातल्या कर्करोगाच्या पेशी मोजणारी सेलसर्च ही यंत्रणा २००४ मध्ये एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) मान्य केली, आणि तिला ७.५ मिलिलिटर रक्त लागतं. तेवढं रक्त आपल्या चिपमधून जायला चार दिवसांहून जास्त लागतील. मिलिलिटरमागे अशा मोजक्या पेशी आणि त्यांच्याभोवती काहीशे कोटी तांबड्या पेशी असतात, त्यामुळे थोडंसं रक्त घेऊन भागत नाही. मग चॅनेल समांतर लावायचे का? आधी दुसऱ्या एखाद्या पद्धतीने नमुना घट्ट करून घ्यायचा का? कुठला टप्पा मोठ्या मापावर ठेवायचा आणि कुठला चिपवर? हा सरळसरळ प्रोसेस डिझाइनचा प्रश्न आहे. भौतिकशास्त्रज्ञ त्याकडे फिरकत नाहीत, डॉक्टरांना तो आपला वाटत नाही.

दुसरी गोष्ट खाऱ्या नमुन्यांची. आमचे बहुतेक प्रयोग जवळजवळ शुद्ध पाण्यात होतात, कंडक्टिव्हिटी सेंटिमीटरमागे ४०-५० मायक्रोसीमेन्स. रक्त किंवा फॉस्फेट सलाइनची कंडक्टिव्हिटी याच्या काहीशे पट. सेंटिमीटरला १००० व्होल्टचं क्षेत्र लावलं तर पातळ बफर, उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरून, सेकंदाला १० अंशांच्या आसपास तापेल. सलाइन त्याच हिशेबाने तेवढ्याच वेळात हजारो अंश तापायला निघेल, म्हणजे प्रत्यक्षात लगेच उकळेल. म्हणून नमुना आधी पातळ करावा लागतो, साखरेच्या द्रावणात पेशी घ्याव्या लागतात, आणि त्या बदलाने पेशीच बदलतात. या पायरीवर काम करणारे फार कमी आहेत. तुझ्या जागी मी असते तर हाच प्रश्न धरला असता.

आता प्राध्यापकीबद्दल. अमेरिकेत पीएचडीला साधारण पाच वर्षं, मग एक-दोन पोस्टडॉक, मग असिस्टंट प्रोफेसर, आणि सहाव्या वर्षाच्या आसपास टेन्युअरचा, म्हणजे कायम होण्याचा, निर्णय. एनएसएफ या सरकारी विज्ञान निधीसंस्थेचा करिअर अवॉर्ड पाच वर्षांचा असतो आणि तरुण प्राध्यापकाचं बरंचसं त्यावर ठरतं. जिथे पदवीच्या विद्यार्थ्यांवर जास्त भर आहे आणि एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा पैसा कमी येतो, अशा विद्यापीठांसाठी एनआयएचची आर१५ नावाची वेगळी ग्रँट आहे. तिच्याकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. या विषयाचा एक मोठा गुण असा की पदवीचा विद्यार्थीही एका सेमिस्टरमध्ये चिप बनवून खरा डेटा काढू शकतो. व्हॅक्यूम चेंबर किंवा सिंक्रोट्रॉन लागत नाही. चांगला फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप, हाय-व्होल्टेज सप्लाय आणि कॉमसोल हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर असलं की काम सुरू. त्यामुळे मोठ्या नावाच्या विद्यापीठातच जायला हवं असं नाही. मध्यम विद्यापीठातही पदवीचे विद्यार्थी हाताशी धरून इथे पहिल्या दर्जाचं काम करता येतं. मला या नोकरीतला सगळ्यात मोठा आनंद तोच आहे, वीस वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हाताने ओतलेल्या चिपमध्ये जंतूंचा पट्टा उभा राहिलेला बघणं.

पैशाची बाजूही सांगायला हवी. २०२५ मध्ये एनआयएच आणि एनएसएफच्या बऱ्याच चालू ग्रँट्स रद्द झाल्या. तुला बोलावणाऱ्या गाइडना सरळ विचार की पाचही वर्षांचा स्टायपेंड कशातून येणार, आणि ग्रँट संपली तर विभाग टीचिंग असिस्टंटशिप देतो का. हे विचारणं उद्धटपणाचं नाही, इथे सगळेच विचारतात. लॅबमधून आधी बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत तेही विचार, आणि त्यांच्यापैकी दोघांशी तरी स्वतंत्र फोनवर बोल. गाइडचं नाव आणि विद्यापीठाचं रँकिंग यांपेक्षा त्या दोन फोनवरून तुला जास्त कळेल.

घरच्यांनी पुण्याच्या बायोफार्माचं म्हटलं त्यात तथ्य आहे. ते काम कमी प्रतीचं नाही. बायोटेक औषधाच्या उत्पादनखर्चातला मोठा वाटा, बऱ्याचदा निम्म्याहून अधिक, शुद्धीकरणाचा असतो, आणि सीरम किंवा जेनोव्हासारख्या ठिकाणी हे मोठ्या प्रमाणावर शिकायला मिळतं. पण हे 'एक तर हे, नाहीतर ते' असं नाही. क्रोमॅटोग्राफीची रेझिन्स आणि बफर निवडायला उद्योगातही आता मायक्रोलिटरच्या मापावर चाचण्या घेतात. चिपवर वाढलेल्या माणसाला ती भाषा येते. उलट बायोफार्मात दोन वर्षं काढून पीएचडीला येणाऱ्याला 'खरा नमुना' म्हणजे काय हे ठाऊक असतं, आणि असे विद्यार्थी मी आनंदाने घेते.

भारतात परतून हे करता येईल का? येईल, आणि आता पूर्वीपेक्षा बरं. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधा आयएनयूपी या सरकारी कार्यक्रमातून बाहेरच्या संस्थांतल्या लोकांनाही वापरता येतात, त्यामुळे स्वतःची क्लीन रूम नसली तरी साचा करून आणता येतो. आयआयटी खरगपूर आणि मद्रासला मायक्रोफ्लुइडिक्सचे भक्कम गट आहेत. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात नव्या कंपन्यांना आधार देणारं व्हेंचर सेंटर आहे, आणि बिरॅक या केंद्राच्या बायोटेक संस्थेची बिग नावाची ग्रँट ५० लाखांपर्यंत मिळते. चिपचं उपकरण करायचं मनात असेल तर हा रस्ता आहे. अडचण येते ती रोजच्या सामानाची: रेझिस्ट, फ्लुओरेसंट मणी, फिल्टर हे बाहेरून मागवायचं आणि महिनोन् महिने वाट बघायची. आणि बहुतेक महाराष्ट्रातल्या कॉलेजांत शिकवण्याचा बोजा इतका असतो की संशोधनाला सलग वेळ मिळत नाही. परत जायचं तर संस्था निवडताना पगाराआधी आठवड्याचे तास विचार.

निर्णय घेण्याआधी एक काम कर. २००४ चे ते दोन पेपर आणि २०२० चा पेपर, तिन्ही ओळीने वाच. मग वर दिलेल्या मापांची चिप कॉमसोलमध्ये उभी कर, आयसीटीत लायसन्स असेलच. दोन खांबांमधलं जास्तीत जास्त क्षेत्र काढ आणि १ मायक्रॉनच्या कणावर डायइलेक्ट्रोफोरेसिसचा वेग, इलेक्ट्रोऑस्मॉसिसचा वेग आणि अरेषीय इलेक्ट्रोफोरेसिसचा वेग किती येतो ते एका तक्त्यात मांड. दोन-तीन शनिवार-रविवार जातील. ते करताना वेळ कसा गेला कळलंच नाही असं झालं, तर बोलावणं स्वीकार. तक्ता मला पाठव, आकडे बघून पुढचं बोलू.